मग गातंय कोण?

माझ्या बोटाने ते परस्परच केलं. आर.ई.एम. या अमेरिकन बँडचा 'आउट ऑफ टाइम' अल्बम लावला होता, भाची शेजारी पालथी पडून घोडा काढत होती. 'एंडगेम'चा शेवटचा सूर विरला, पुढच्या गाण्याची तंतुवाद्यं सुरू होतायत न होतायत तोच मी फोनवर ते पुढे ढकललं. चौदा वर्षांची आहे ती. तिने मान वर केली. "मामा, का बदललंस? काहीतरी छान सुरू होत होतं." मी म्हटलं, "ते जाऊ दे. ते काही त्यांचं खरं गाणं नाही." तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कागदावर वाकत म्हणाली, "मग गातंय कोण?"

याला साधं उत्तर होतं. ते गाणं 'शायनी हॅपी पीपल'. बँडचा गायक मायकल स्टाइप गातोय, सोबत 'बी-५२'ज' या दुसऱ्या बँडची केट पिअरसन, मागे बँडचाच माइक मिल्स. नावं झोपेतून उठवून विचारली तरी सांगेन. पण तिने नावं विचारली नव्हती. ती विचारून मोकळी झाली आणि घोड्याच्या आयाळीत शिरली. मला मात्र ते वाक्य रात्री दिवे मालवताना आठवलं, दुसऱ्या दिवशी दात घासताना आठवलं. 'खरं गाणं' हे मी कुठून उचललं? ते माझं नव्हतं, एवढं तर बोलतानाच जाणवलं होतं, दुसऱ्याचा कोट अंगात घातला की खांद्याशी जाणवतं तसं.

आर.ई.एम.च्या चाहत्यांची एक उतरंड असते. कुणी लिहून ठेवलेली नाही, पण सगळ्यांना पाठ. वरच्या टोकाला १९८३चा 'मर्मर' हा पहिला अल्बम, त्याचे 'मर्मर'वाले. त्यांच्याही डोक्यावर १९८२च्या 'क्रॉनिक टाउन'वाले, म्हणजे पाच गाण्यांवर अख्खा जन्म काढू शकणारी माणसं. मग १९८७च्या 'डॉक्युमेंट'पर्यंत धीर धरलेले. त्यानंतर एक जाड रेघ. बँडने छोटी कंपनी सोडून वॉर्नर ब्रदर्सचा करार केला, नोव्हेंबर १९८८मध्ये 'ग्रीन' आला (नाव ग्रीन आणि कव्हर नारिंगी, ही चेष्टा मला अजून आवडते), आणि रेघेच्या अलीकडचे ते आपले, पलीकडचे ते बाजाराचे, असं ठरून गेलं. या उतरंडीच्या अगदी तळाशी १९९१मध्ये 'आउट ऑफ टाइम'मुळे आलेली गर्दी, मॅन्डोलिनच्या पाठीवर बसून आलेली. गंमत अशी की त्याच्या पुढच्याच वर्षीच्या 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल'ला सगळ्यांनी माफ केलं. तोही भरपूर खपला, पण तो मरणाबद्दल बोलतो ना. दुःखी असलं की लोकप्रियता खपवून घेतली जाते.

आता कबुली. मी तळाचा आहे.

'लूझिंग माय रिलिजन' ऐकलं आणि त्यासाठी मी ती कॅसेट घेतली. तो मॅन्डोलिनचा आवाज कोरडा, लाकडी, कुणीतरी घाईघाईने काही सांगायला यावं आणि दारातच अडखळावं तसा. बँडचा गिटारवादक पीटर बक तेव्हा ते वाद्य नुकतंच शिकत होता. टीव्हीसमोर बसून चाळे करत होता आणि टेप चालू ठेवला होता. मागाहून ऐकताना त्या सगळ्या धडपडीत ही चाल सापडली. नवशिक्याचा हात त्यात ऐकू येतो असं मला वाटतं. सराईत माणसाने एवढ्या मोकळ्या जागा सोडल्या नसत्या. मी ते गाणं किती वेळा ऐकलं याला हिशेब नाही. कॅसेटच्या प्लास्टिकवरचा छपाईचा रंग अंगठ्याच्या जागी उडाला. आणि मग काही वर्षांनी 'मर्मर' हाती आला, चाहत्यांची मतं वाचायला मिळाली, उतरंड कळली, आणि मी हळूच जागा बदलली. कुणी विचारलं, "तुझी सुरुवात कशाने झाली?" तर मी 'मर्मर' म्हणायला लागलो. सलग कित्येक वर्षं हे खोटं बोललोय. कुणाचं काही बिघडलं नाही, पण खोटं ते खोटंच.

'मर्मर'वरचं प्रेम मात्र खोटं नव्हतं. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. इंग्रजी गाणी ऐकताना माझ्या पोटात कायम एक बारीकशी भीती असायची. आजूबाजूची मंडळी ध्रुवपदाला सुरात सूर मिळवायची आणि मी नुसते ओठ हलवायचो, शाळेत प्रार्थनेला हलवायचो तसे. एखादा शब्द निसटला की वाटायचं, हा फक्त मलाच कळला नाही. 'मर्मर'मध्ये स्टाइप असा गातो की शब्दांच्या कडा पुसलेल्या. अर्धा शब्द तोंडात, अर्धा बिल बेरीच्या ड्रमखाली. आणि मग मी वाचलं की ते अमेरिकन लोकांनाही कळत नव्हतं! इंग्रजी हीच ज्यांची आईची भाषा, ती माणसं एकेका ओळीवर तावातावाने भांडायची आणि प्रत्येकाला वेगळं ऐकू यायचं. आयुष्यात पहिल्यांदा मी आणि ते एकाच बाकावर. त्या अल्बमच्या कव्हरवर कुड्झूची वेल आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत ती झाडं, खांब, पडकी घरं, सगळं गिळत जाते. खाली काहीतरी आहे एवढं आकारावरून कळतं, काय आहे ते नाही. गाणीही तशीच. त्या वेलीखाली मला फार सुरक्षित वाटायचं.

बाकीच्या चाहत्यांचा प्रवास उलट दिशेने झाला होता. ते आधी धुक्यात होते. मग १९८६मध्ये डॉन गेमन नावाच्या निर्मात्याने स्टाइपला जरा स्पष्ट गायला लावलं, आवाज मिक्समध्ये पुढे आला. 'ग्रीन'च्या वेष्टनावर तर एका गाण्याचे शब्द चक्क छापले, तोवर या बँडने कधी न केलेली गोष्ट. बँड लोकांच्या जवळ सरकला म्हणजे नेमकं काय झालं, असं मला कुणी विचारलं तर मी करार आणि खपाचे आकडे सांगणार नाही. मी म्हणेन, आवाज पुढे आला. गिटारच्या मागे उभा असलेला माणूस गिटारच्या पुढे येऊन उभा राहिला आणि त्याचा चेहरा दिसू लागला. ज्यांना तो चेहरा आपण कल्पनेने काढलाय असं वाटत होतं, त्यांची कुरकुर सुरू झाली. ती मला समजते. मी तर आधी उन्हातच आलो होतो, मग मागे मागे जात सावली शोधली आणि तिथेच मुक्काम ठोकला. 'आउट ऑफ टाइम' पुन्हा लावला की शब्द लख्ख ऐकू यायचे आणि पोटातली ती बारीक भीतीही परत यायची. याला मी 'हा अल्बम फार बाजारू आहे' असं नाव दिलं.

आणि शब्द लख्ख ऐकू येऊनही कळतात कुठे?

'लूझिंग माय रिलिजन'मध्ये धर्माबद्दल काहीतरी आहे अशी माझी अनेक वर्षं खात्री होती. धर्म सुटतोय, श्रद्धा गळतेय, देवाशी भांडण. तरसेम सिंगने केलेल्या त्याच्या व्हिडिओने या गैरसमजाला खतपाणीच घातलं. त्यात पंखवाला म्हातारा आहे, जुन्या युरोपीय चित्रांतल्यासारखी माणसं आहेत, आणि मधूनच आपल्या कॅलेंडरवरच्या देवांसारख्या सजवलेल्या चौकटी. ते पाहून मला वाटलं, चला, हा भाग तरी आपल्या ओळखीचा. नंतर कळलं की तो अमेरिकेच्या दक्षिणेकडचा एक बोलीतला वाक्प्रचार आहे: संयम सुटायच्या बेताला येणं, सभ्यपणाचा शेवटचा धागा तुटायला येणं. स्टाइप स्वतः सांगत आलाय की गाणं एकतर्फी ओढीचं आहे. समोरच्याला आपण खूप काही सांगून बसलो की पुरेसं सांगितलंच नाही, या घालमेलीचं. म्हणजे इतकी वर्षं एकेक शब्द ऐकू येत होता आणि गाणं मी भलतंच ऐकत होतो. 'मर्मर'मध्ये निदान न कळण्याची सोय उघड होती. इथे न कळणं शब्दांच्या पोटात लपून बसलेलं. मग यातलं अवघड कुठलं आणि सोपं कुठलं, हे मला आता छातीठोकपणे सांगता येत नाही.

'सोपा अल्बम' हा आरोपच मी कधी नीट तपासला नव्हता. भाचीच्या प्रश्नानंतरच्या आठवड्यात मी तो हेडफोन लावून, हातात दुसरं काही न घेता ऐकला. ज्या गाण्याने तो जगभर गेला त्याला रूढ अर्थाने ध्रुवपदच नाही. कडवी येतात, ताणत जातात, आणि सुटका होईल असं वाटतं तिथे पुन्हा ते मॅन्डोलिन. लांबी साडेचार मिनिटांच्या आसपास. हे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. 'एंडगेम'मध्ये शब्दच नाहीत, नुसतं गुणगुणणं. 'बिलाँग'मध्ये तो कडवी बोलतो, आणि ध्रुवपदाच्या जागी सगळे मिळून फक्त आकार लावतात, खिडकी उघडावी तसे. 'लो' तर इतकं खालच्या पट्टीत सुरू होतं की गाणं आहे की मनातलं पुटपुटणं, ठरवता येऊ नये. मिल्स दोन गाणी स्वतः गातो. वाद्यांची अदलाबदल तर सर्रास. ढोल वाजवणारा बेरी काही ठिकाणी बेस घेऊन बसलाय. आणि हे सगळं वर्षानुवर्षं मैफिली केलेल्या चौघांनी, त्या अल्बमसाठी दौरा न करायचं ठरवून केलं. पहिल्या क्रमांकावरचा अल्बम आणि दौरा नाही! बाजारासाठी झुकलेली माणसं असं वागत नाहीत, किंवा वागत असतील तर फार विचित्र पद्धतीने झुकतात. पुढच्या वर्षी ग्रॅमीत त्याला सर्वोत्तम 'अल्टरनेटिव्ह' अल्बमचं बक्षीस मिळालं, निर्वाणाच्या 'नेव्हरमाइंड'ला मागे टाकून. देशातला पहिल्या क्रमांकाचा अल्बम, आणि तो पर्याय. कशाला पर्याय, हे कुणी विचारलं नसावं.

सगळ्यात जास्त वेळ मी 'कंट्री फीडबॅक'पाशी थांबलो, नेहमीसारखाच. स्टाइप मोजके शब्द खरडलेला कागद घेऊन आला आणि एका दमात गाऊन गेला, असं त्याच्याबद्दल सांगितलं जातं. ऐकताना ते पटतं, कारण त्या आवाजात दुरुस्ती नाही. मागे पेडल स्टील गिटार रडवेली होत जाते, पुढे एक माणूस मोडलेल्या नात्यातल्या वस्तू एकेक करून मोजतोय, आणि मोजता मोजता आकडा विसरतोय. एकाच अल्बमच्या एकाच बाजूवर सुरुवातीला 'शायनी हॅपी पीपल' आणि शेवटून दुसरं हे. उतरंडीवरची माणसं हे गाणं ऐकतात तेव्हा म्हणतात, हा बघ खरा बँड. आणि 'शायनी हॅपी पीपल' ऐकताना म्हणतात, हा नाही. दोन्हीकडे तीच चार माणसं. गाण्यांचं श्रेयही ही मंडळी चौघांत सारखं वाटून घ्यायची, कुणी किती केलं हे न सांगता.

राग कुठला होता मग? खरा राग होता, पण तो माझा नव्हता. अथेन्स, जॉर्जिया, म्हणजे बँडचं गाव. एप्रिल १९८०मध्ये तिथल्या एका पडक्या चर्चमध्ये यांचा पहिला कार्यक्रम झाला. पुढची काही वर्षं व्हॅनमधून गावोगाव, छोट्या छोट्या जागा, आणि विद्यार्थ्यांनी चालवलेली कॉलेजांची रेडिओ केंद्रं. तिथे रात्री उशिरा यांची गाणी लावणारा कुणीतरी असेल. त्याला वाटलं असेल की हे आपण शोधलंय. मग 'ग्रीन'मधलं 'स्टँड' सहाव्या क्रमांकावर जातं, मोठाले हॉल भरतात, आणि कालपर्यंत त्याच्या केसांची टिंगल करणारी मुलं तेच गाणं मोठ्याने गात जवळून निघून जातात. त्याचं काहीतरी खरोखर गेलं. मी त्याच्या बाजूने भांडेन. पण माझं काय गेलं होतं? मला तर ती गर्दी झाली म्हणूनच हा बँड कळला. हॉल भरले नसते तर गाणं माझ्यापर्यंत पोचलंच नसतं. मी त्या अनोळखी मुलाची तक्रार उसनी आणली, अंगाला बसते का ते न बघता घातली, आणि तीस वर्षांनी एका मुलीसमोर मिरवली.

गर्दीने आणखी एक केलं, ते मला अलीकडेच कळलं. अमेरिकेत तेव्हा सीडी पुठ्ठ्याच्या लांबोळ्या खोक्यात विकायचे. निव्वळ वाया जाणारा पुठ्ठा, म्हणून बँडला त्याचा राग होता. शेवटी 'आउट ऑफ टाइम'च्या खोक्यावर मतदार नोंदणी सोपी करण्याच्या विधेयकासाठी सिनेटरला पाठवायचा अर्ज छापला. कापा, सही करा, टाका. लोकांनी खरंच कापले, आणि ते गठ्ठे सिनेटपर्यंत गेले. आधी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी नकाराधिकार वापरला, मग १९९३मध्ये क्लिंटन यांनी कायद्यावर सही केली. केवळ पुठ्ठ्यामुळे कायदा झाला असं कुणी म्हणणार नाही. पण 'मर्मर'च्या खपावर हे जमलं नसतं, आणि 'मर्मर'वाल्यांशी वाद घालताना हा मुद्दा हुकमाच्या पानासारखा टाकायला मी आता उत्सुक आहे. (वाद घालायला कुणी उरलेलं नाही, हा भाग वेगळा.)

एवढं सगळं बोलून मी या अल्बमचा वकील होणार असं वाटत असेल, तर तसंही नाही. 'रेडिओ साँग' मला आजही फसलेलं वाटतं. रेडिओवरच्या गाण्यांना नावं ठेवायची आणि ती ठेवताना गाणं रेडिओला शोभेल असं सजवायचं, या कात्रीत ते दोन्हीकडून कापलं जातं. केआरएस-वन या रॅपरला बोलावून त्याला शेवटाला थोडीशी जागा देणं हा तर पाहुण्याला ओसरीवरच बसवण्याचा प्रकार. 'नियर वाइल्ड हेवन'मध्ये सुरांवर सूर इतके रचलेत की मला दुसऱ्या कडव्यालाच पाणी प्यावंसं वाटतं. आणि 'शायनी हॅपी पीपल'? त्याबाबतीत तर खुद्द बँडनेच माझ्या हातात कोलीत दिलं. अमेरिकेत पहिल्या दहांत गेलेलं हे गाणं, २००३मध्ये त्यांनी वॉर्नरच्या काळातल्या निवडक गाण्यांचा संग्रह काढला तेव्हा त्यातून वगळलं. आईबापांनीच नाव टाकलेलं पोर. मग शेजाऱ्यांनी दगड मारायला काय हरकत? एकदा 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या कार्यक्रमातल्या बाहुल्यांसोबत शब्द बदलून ते गायलं गेलं. तिथे ते शोभलं म्हणतात, आणि यातसुद्धा मी गाण्याचा कमीपणाच बघत आलो. मुलांना आवडतं, म्हणजे झालंच.

पण हा तिरस्कार कितीसा अभ्यासातून आलेला? इथे कॅसेटची गोष्ट सांगायला हवी. त्या अल्बमच्या दोन बाजूंना ए आणि बी नव्हे, 'टाइम' आणि 'मेमरी' अशी नावं दिली आहेत. पहिल्या बाजूची पाच गाणी, दुसरीची सहा, आणि दुसरी बाजू दोन-अडीच मिनिटांनी मोठी. म्हणजे 'एंडगेम' संपलं की कॅसेटच्या पहिल्या बाजूला दोन-अडीच मिनिटांची कोरी फीत उरते. ती संपायची वाट न बघता कॅसेट काढून लगेच उलटली, तर तुम्ही दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला पोचत नाही. 'शायनी हॅपी पीपल'च्या मध्याच्याही पुढे पोचता. मग फॉरवर्डचं बटण दाबायचं, फीत किरकिरते, मनात मोजकेच आकडे मोजायचे, थांबवायचं, आणि बरोबर 'बिलाँग'च्या तोंडाशी. या कौशल्याचा मला अभिमान होता. कधी आकडे चुकले की त्या गाण्याचं शेपूट ऐकू यायचं: उड्या मारणारी गिटार, टाळ्या, केटचा उंच आवाज. टीव्हीवर त्याचा व्हिडिओही कधी लागायचा, सगळे रंगीत कपड्यांत नाचतायत, आणि मी आवाज बंद करायचो. एवढ्या भांडवलावर मी या गाण्याबद्दल तीस वर्षं मत बाळगलं. त्याची सुरुवात मी लक्ष देऊन कधी ऐकलीच नव्हती.

रविवारी भाची परत आली. घोडा पूर्ण झाला होता, फक्त मागचे पाय गवतात लपवले होते, कारण तिला खूर जमत नाहीत. मी म्हटलं, "तुझं ते गाणं लावू?" ती म्हणाली, "कुठलं?" विसरून गेली होती. मी लावलं. आणि सुरुवातीला ना गिटार, ना टाळ्या, ना कुणी हसणारं. तंतुवाद्यं, तीन मात्रांचा संथ झोका, रिकाम्या दिवाणखान्यात कुणीतरी एकट्यानेच गिरकी घ्यावी तसा. ते काही सेकंदच चालतं. मग ठेका बदलतो, गिटार उडी मारून आत येते आणि तो ओळखीचा गोंगाट सुरू होतो. आम्ही दोघांनी पूर्ण ऐकलं. मधे एकदा तो संथ झोका परत येऊन गेला, तेव्हा तिने पेन्सिल थांबवली. गाणं म्हणून मला ते अजूनही फार आवडलं असं नाही. केटचा आवाज मात्र सुंदर आहे, आणि ती तिथे मनापासून गातेय.

"सुरुवातीला उदास आहे ना," भाची म्हणाली. "मग आनंदी होतं का?"

"होतं वाटतं," मी म्हटलं.

"पुन्हा लाव. पण पहिल्यापासून लाव हां."